तिजोरी आणि सुऱ्या

तिजोरी घ्यावी असे आमच्या मनात आले ते चोरांच्या भीतीने नव्हे. आमच्या घरात शिरून न्यावे तरी काय, हा प्रश्न चोरालाच पडावा, अशी आमची सांपत्तिक स्थिती. आयुष्य मास्तरकीत गेले, सौ.चे चार दागिने आणि पुस्तकांची दोन कपाटे एवढेच वैभव. भीती होती ती आगीची. आमच्या आळीतील एका आप्ताच्या घराला एका रात्री आग लागली. प्रभुकृपेने माणसे वाचली. परंतु पत्र्याच्या पेटीत ठेवलेले खरेदीखत, मुलांच्या शाळेचे दाखले, जातीचे दाखले, विम्याचे कागद, सर्वांची राख झाली. पुढची कित्येक वर्षे तो गृहस्थ या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालताना आम्ही पाहिला. त्यांतला एकच कागद त्याला विनासायास पुन्हा मिळाला, तो म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तेथील नोंदवहीत नाव कायम असते, आणि पुढे विवाह झाला तर त्याचीही नोंद त्याच नावासमोर करावी, असा १९८३ च्या धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाचा दंडक आहे. पवित्र सभेचे हे दप्तर सरकारी दप्तराहून बळकट ठरले, याचे आम्हाला त्या दुःखातही कौतुक वाटले.

असो. तिजोरी घेण्याचा निश्चय झाला.

चांदवडच्या माणसाला तिजोरीचे अप्रूप नसावे. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे आमचे गाव एके काळी पैसा पाडीत होते, हे येथून बसने जाणाऱ्या प्रवाशाला आज सांगून खरे वाटत नाही. होळकरांच्या अमदानीत येथे टांकसाळ होती. चांदवडी रुपया दूरदूरपर्यंत चाले, आणि त्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे फारसी लिपीत उमटलेले असे. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव, गावात होळकरांचा रंगमहाल. तो किल्ला १८०४ साली इंग्रजांनी घेतला, होळकरांना परत दिला आणि १८१८ साली कायमचा घेतला. ज्या किल्ल्याने खजिना राखायचा तो किल्लाच दोनदा हातचा गेला, हे आम्ही मुलांना इतिहास शिकवताना अनेकदा सांगितले; पण बळकट भिंत म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे आमच्या स्वतःच्या डोक्यात काही त्या वेळी शिरले नाही.

बाजारात चौकशीला गेल्यावर प्रथम कळले की, ज्याला आपण आजवर तिजोरी म्हणत आलो ती तिजोरी नव्हेच. लग्नात आंदण येते ते लोखंडी कपाट, त्याच्या आतल्या कुलपाच्या खणाला घरोघरी मोठ्या आदराने ‘तिजोरी’ म्हणतात. त्याचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. पहारीचे दोन हिसडे त्याला पुरतात, आणि आगीत तर आतला कागद तव्यावरच्या पापडासारखा भाजून निघतो. खऱ्या तिजोरीच्याही दोन जाती. एक चोराला अडवणारी, दुसरी आगीला अडवणारी. पहिलीत जाड पोलाद आणि अवघड कुलूप. दुसरीत दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता रोखणारे भरण. दोन्ही गुण असलेली तिजोरी मिळते, पण तिची किंमत आणि वजन ही दोन्ही मास्तराच्या आवाक्याबाहेरची. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आय.एस. ५५० हे भारतीय मानक आहे. घेताना तो शिक्का पाहावा, आणि तिजोरी कशापासून किती वेळ राखील हे लेखी मागावे. ‘साहेब, बॉम्ब पडला तरी काही होत नाही’ या वाक्यावर विसंबू नये.

बॉम्बची ही बढाई मात्र अगदीच निराधार नाही. वकिली सोडून कुलुपांच्या धंद्यात पडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपे बनवण्यास आरंभ केला, आणि १९०२ साली तिजोऱ्या. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, गोदीच्या आसपासची वस्ती जळून गेली. त्या राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधील चीजवस्तू शाबूत सापडल्या. ही हकिकत आमचे वडील आम्हाला सांगत. ते मनमाड जंक्शनवर रेल्वेच्या स्वयंपाकघरात खानसामा होते, आणि रेल्वेवरून जाणारी प्रत्येक बातमी त्यांच्या चुलीपाशी थांबा घेत असे.

तेव्हा आम्ही आगीची तिजोरी घेतली; जुनी, हाताळलेली, पण दणकट. सहा माणसांनी ती टेम्पोतून उतरवली. एक उपयुक्त गोष्ट येथे सांगून ठेवतो. लहान तिजोरी जमिनीला वा भिंतीला बोल्टने जखडली नाही तर चोर ती फोडण्याचे कष्टच घेत नाही. उचलून नेतो आणि शेतात बसून निवांत फोडतो. याबाबत धर्मसंहितेचे ९३८ वे कलम आम्हाला पुष्कळ शहाणपणाचे वाटते. परमप्रसाद ठेवण्याची पेटिका अचल असावी, भक्कम व अपारदर्शक पदार्थाची असावी, कुलूपबंद असावी, आणि तिच्या किल्लीची अत्यंत काळजीपूर्वक राखण व्हावी, असे ते सांगते. तिजोरीच्या दुकानदाराने आम्हाला तासभर जे सांगितले, ते सारे या चार अटींत आले. किल्लीची अट आम्ही प्रथम पाळली नाही. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ती अडकवली, म्हणजे ख्रिस्ती घरात चोर पहिल्याने जेथे हात घालील तेथेच. सौ.नी ती दुसऱ्या दिवशी हलवली. कोठे, ते लिहीत नाही.

तिजोरीत कागद ठेवून झाले तरी खालचा कप्पा रिकामा राहिला. रिकामा कप्पा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आम्ही तेथे वडिलांच्या सुऱ्या ठेवल्या.

या सुऱ्यांविषयी लिहायचे तर हात थोडा जड होतो. त्या पाच होत्या. एक सत्तूर, एक रुंद पात्याची मोठी सुरी, एक पाव कापण्याची दातेरी, एक भाजीची लहान, आणि पाचवी हाडापासून मांस सोडवण्याची अरुंद, किंचित वाकलेली. तीन सुऱ्यांच्या पात्यांवर ‘शेफिल्ड’ हा शिक्का होता. हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली त्याच शेफिल्ड शहरात न गंजणारे पोलाद सिद्ध केले. पण वडिलांच्या सुऱ्या जुन्या पद्धतीच्या साध्या पोलादाच्या होत्या. असले पोलाद धार उत्तम घेते, आणि मोबदल्यात रोजची निगराणी मागते. वडील काम संपताच सुरी धूत, पुसत, चुलीच्या उबेला क्षणभर धरीत आणि बोटभर तेल लावून जाड्याभरड्या कापडात गुंडाळीत. रात्रीची प्रार्थना आणि सुऱ्या पुसणे यांत त्यांनी कधी खंड पाडल्याचे आम्हाला आठवत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी ती अरुंद सुरी ते धाकट्याच्या हाती देत, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून सांध्यात पाते कसे शिरवावे ते शिकवीत. आमच्या हाती ती कधी दिली नाही. ‘तू पुस्तके वाच’, म्हणत.

वडील गेल्यावर धाकट्या बंधूंनी घरातले दुसरे काही मागितले नाही. ती अरुंद सुरी तेवढी मागितली. ते नाशिकला एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात काम करीत. आम्ही नाही म्हटले. म्हणजे तसे स्पष्ट म्हटले नाही. ‘पाचही एकत्र राहू देत, तुझ्याकडे भाड्याची खोली, येथे सुरक्षित राहतील’ असे म्हटले. थोरल्या भावाच्या तोंडी नकार नेहमी असाच सज्जन पोशाख करून येतो. बंधू ‘बरं, दादा’ म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचे चांदवडला येणे विरळ झाले.

तिजोरी आली तेव्हा आपण त्या वेळी बोललेला शब्द आता खरा करतो आहोत, असे आम्हाला वाटले. सुऱ्यांसाठी आम्ही मुद्दाम कातडी म्याने शिवून घेतली. प्रत्येक सुरी म्यानात, पाचही म्याने मखमली कापडावर, वर पोलादी दार. दर वर्षी जूनमध्ये शाळेचे कागद काढायला तिजोरी उघडे, पण खालच्या कप्प्याकडे लक्ष देण्याचे कारण पडले नाही. असे तीन पावसाळे गेले.

चौथ्या वर्षी ऑक्टोबरात बंधूंचा निरोप आला: मृत भाविकांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, वडिलांच्या कबरीवर येतो. आम्हाला वाटले, सुऱ्या काढून पुसून ठेवाव्यात, त्यांना दाखवाव्यात. पहिले म्यान ओढले ते पाते बाहेर येईना. जोर केला तेव्हा तांबूस भुकटी मांडीवर सांडली. मोठ्या सुरीवर नाण्याएवढे डाग, सत्तुरावर काळेनिळे पट्टे, आणि अरुंद सुरीच्या धारेलगत टाचणीने टोचल्यासारखी खड्ड्यांची रांग. तेवढी दातेरी सुरी बचावली, कारण ती म्यानात मावली नव्हती म्हणून आम्ही नुसत्या तेलकट कागदात गुंडाळली होती.

चांदवड कोरडे गाव. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा हा मुलूख. येथे लोखंड गंजते तरी कसे, असा आमचा समज. वसईकर वाचकांना हसू येईल, कारण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पोखरतात ते त्यांना ठाऊक आहे. पण गंजायला समुद्र लागत नाही. लोखंड, प्राणवायू आणि पाण्याचा अंश एवढे पुरते. आणि हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की, उघड्या पोलादावर न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरू लागतो. बोटांचा घाम वा धूळ पात्यावर राहिली असेल तर त्याआधीही. जुलै ते सप्टेंबर ही हवा चांदवडलाही असते.

खरे कारण मात्र बाहेरच्या हवेत नव्हते. ते तिजोरीच्याच पोटात होते. आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी ते उलगडून सांगितले. तुरटीचा खडा तव्यावर ठेवला की तो फुगतो, फसफसतो आणि त्याची लाही होते, हे घरोघरच्या आजीबाईंना माहीत आहे. तो फसफसाट म्हणजे तुरटीतले बांधलेले पाणी. तुरटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के पाणीच असते. जिप्सममध्ये सुमारे २१ टक्के. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कारागीर तिजोरीच्या दुहेरी भिंतींत तुरटीसारखे क्षार भरीत. पुढे जिप्सम, काँक्रीट अशी भरणे आली. तत्त्व तेच. आग लागली की भिंतीतले पाणी वाफ होऊन सुटते, आणि ते सारे उडून जाईपर्यंत आतली उष्णता फारशी चढत नाही. कागद करपू नये म्हणून आतले तापमान १७७ अंशांच्या आत राहावे, अशी कसोटी अमेरिकेत लावतात. म्हणजे आगीच्या तिजोरीचे सारे सामर्थ्य तिने पोटात धरलेल्या पाण्यात आहे. आणि ते पाणी आग लागेपर्यंत अगदी गप्प बसतेच असे नाही. जुन्या भरणातून ते हळूहळू आतल्या हवेत झिरपते. दार घट्ट, वारा नाही, त्यामुळे आत कायमचा श्रावण. कागदाला तो काही वर्षे सोसतो, पोलादाला सोसत नाही.

त्यात आमच्या म्यानांनी भर घातली. कातडे ओल धरून ठेवते. ते बाभळीच्या सालीने कमावले असेल तर त्यात टॅनिन, आणि टॅनिन व लोखंड यांचा संयोग म्हणजे शाई. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत ती याच गुणाने. सत्तुरावरचे काळेनिळे पट्टे त्याचेच. आधुनिक पद्धतीने क्रोमक्षारांनी कमावलेले असेल तर त्यातील उरलेले क्षार गंजाला आमंत्रण देतात. म्यान ही सुरी कमरेला बाळगण्याची वस्तू. तिच्यात सुरी वर्षानुवर्षे ठेवायची नसते. ही गोष्ट खाटिकाला, चांभाराला, शेतकऱ्याला ठाऊक असते. मास्तरांना कोणी सांगत नाही.

त्या आठवड्यात आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. पृथ्वीवर साठवलेल्या धनाचे शत्रू म्हणून प्रभूने तेथे कसर, गंज आणि चोर यांची नावे घेतली आहेत. मराठीत ज्याला आपण गंज म्हणतो त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘खाणे’ असा आहे, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ते खाणारे कोण, हे प्रभूने मोघमच ठेवले आहे. इतकी वर्षे हे वचन प्रवचनात ऐकताना आमचे लक्ष चोरावर असे. एकाला अडवायला जे दार लावतो त्याच्याआड दुसरा आरामात जेवायला बसतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता उपायांविषयी, कारण पुष्कळ वाचकांच्या घरी आजोबांचे अडकित्ते, सुताराची हत्यारे, विळे, सुऱ्या पेटीत पडून असतील. पहिली गोष्ट, आगीच्या तिजोरीत पोलाद ठेवूच नये. साधे लाकडी कपाट बरे. ठेवायचेच असेल तर सिलिका जेल ठेवावे. हे दाणे आपल्या वजनाच्या पाव-तृतीयांश पाणी शोषतात. रंग बदलणारे घेतले तर ओल भरल्याचे कळते. पूर्वीचे निळे दाणे गुलाबी होत, त्यांतला कोबाल्टचा क्षार प्रकृतीला वाईट म्हणून आता नारिंगीचे हिरवे होणारे मिळतात. साधारण १२० अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास ठेवले की ते पुन्हा कामाला येतात. चुनकळीही ओल शोषते, पण तिची भुकटी दाहक. तांदूळ आणि कोळसा हे मनाचे समाधान. कापूर ठेवणारे जुने सुतार आम्ही पाहिले आहेत. त्यांची हत्यारे चांगली राहत हे खरे, पण ती रोज वापरात असत हेही खरे. आतील आर्द्रता दाखवणारे लहानसे घड्याळासारखे यंत्र आता स्वस्तात मिळते. काटा पन्नासच्या खाली असावा.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेल किंवा शेंगतेल लावून ठेवू नये. ते कालांतराने चिकट होते आणि खवटते. खनिज तेल हवे. हत्याराला शिलाई यंत्राचे तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात चालतो; अन्नाला लागणाऱ्या सुरीसाठी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन उत्तम. ते रेचक म्हणून विकले जाते. आम्ही मोठी बाटली मागितली तेव्हा दुकानदाराने आमच्याकडे फार सहानुभूतीने पाहिले. तेल लावण्यापूर्वी पाते कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे, मग पात्याला बोट लावू नये, आणि तेलकट कागदात किंवा सुती कापडात गुंडाळावे. दर पावसाळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर उघडून पाहावे. गंज धरलाच तर रॉकेल किंवा पातळ तेल चोळून, बारीक तारेच्या जाळीने हलक्या हाताने काढावा. लिंबू-चिंच गंज काढतात, पण बराच वेळ ठेवली तर पोलादही खातात. खड्डे मात्र कशानेच भरत नाहीत. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे न गंजता उभा आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर राखणारा थर बसला, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. आमच्या वडिलांच्या सुऱ्यांना असे कवच नव्हते. त्यांना वडील होते.

१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बंधू आले. दडवून ठेवण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. ‘किल्ली सापडत नाही’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण सौ.नी न सांगताच पाचही सुऱ्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवल्या होत्या. बंधूंनी अरुंद सुरी उचलली, दिव्याकडे धरली, धारेलगतचे खड्डे अंगठ्याच्या नखाने एकेक तपासले. आम्ही तिजोरी, तुरटी, आर्द्रता असे काहीतरी सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘दादा, ही रोज मटणात गेली असती तर हिला काही झालं नसतं.’

रागाने म्हटले नाही. त्यामुळे आम्हाला उत्तर देता आले नाही.

जेवणानंतर त्यांनी परसातल्या पाथरीवर पाणी घालून सुरी घासायला घेतली. रात्री बराच वेळ तो आवाज येत होता. सकाळी मिस्साला निघताना आम्ही पाहिले: पाते जवळजवळ दोन रेघांनी अरुंद झाले होते, खड्ड्यांपैकी धारेवरचे गेले होते, वरचे राहिले होते. कबरीवर मेणबत्त्या लावून आम्ही दोघे बराच वेळ उभे राहिलो. परत येताना आम्ही म्हटले, ‘पाचही घेऊन जा.’ त्यांनी चार नेल्या. सत्तूर आमच्यासाठी ठेवला. म्हणाले, तो जड आहे, चुका सोसतो.

सत्तूर आता स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला असतो. सौ. त्याने नारळ फोडतात, आणि आम्ही तो रात्री पुसून, तेलाचा हात फिरवून परत टांगतो. तिजोरीत कागद आहेत, तेही आता प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत, शेजारी सिलिका जेलची पुरचुंडी आणि ते काट्याचे यंत्र. खालचा कप्पा रिकामा आहे. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी बंधूंचा फोन आला. त्यांच्या थोरल्या मुलीने प्रथमच त्या सुरीने अख्खी कोंबडी सोडवली, बोटाला थोडे लागले, पण सांधा बरोबर सापडला, असे सांगत होते.